सीटचे माप अंगाच्या उंचीवरून नव्हे, पायाच्या लांबीवरून घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासावर नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. पाणी किती प्यावे, पंक्चर कसे काढावे, पावसाळ्यात कोणते टायर वापरावे, याविषयी लेखकाने लिहिलेले सर्व उपयुक्त आहे. मात्र सीटविषयीचा परिच्छेद आणि त्यासोबतचा तक्ता वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. सायकलस्वाराच्या एकूण उंचीवरून सीटची उंची ठरवावी, सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि ५० किलोमीटरपेक्षा लांब जायचे असल्यास सीटवर जाड जेलचे कव्हर चढवावे, असे तीन सल्ले त्यात दिले आहेत. हे तिन्ही सल्ले मी एके काळी तंतोतंत पाळले होते आणि त्याची किंमतही मोजली आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर) हा व्यवसाय शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मिलिमीटरचा हिशेब विद्यार्थ्यांकडून काटेकोरपणे करवून घेणारा मी, स्वतःच्या सायकलची सीट मात्र अंदाजाने बसवत होतो, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये भाग घेतला. या प्रकारात शर्यत नसते. साडेतेरा तासांत अंतर पुरे करायचे, एवढीच अट असते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवणपर्यंत जायचे आणि परत यायचे. निघण्यापूर्वी दुकानदाराच्या आग्रहावरून मी बोटभर जाडीचे जेलचे कव्हर घेतले आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील इतकी सीट खाली घेतली. पहिले ४० किलोमीटर गादीवर बसल्यासारखे वाटले. पाटस मागे पडल्यावर दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर होऊ लागला आणि भिगवणला पोहोचेपर्यंत गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. तिथल्या मासळीची चवसुद्धा त्या दिवशी कळली नाही. परतीच्या वाटेवर यवतला मी हात टेकले आणि सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. बधिरपणा पुढे दोन दिवस टिकला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. नस दबली आहे, सीट नीट करून घेतल्याशिवाय पुन्हा लांब जाऊ नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर मी हा विषय वर्कशॉपमधल्या कामासारखा हाताळायला घेतला.

प्रथम उंचीविषयी. पायडल मारण्याचे काम धड आणि मान करत नाहीत, पाय करतात. त्यामुळे अंगाची एकूण उंची येथे फारशी उपयोगाची नाही. माझी व माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची उंची सारखीच, १६८ सेंटिमीटर आहे. परंतु अनवाणी उभे राहून, भिंतीला पाठ लावून, जांघेत वही दाबून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा माझे ७६ सेंटिमीटर भरले आणि त्याचे ८०. हे पायाचे आतले माप ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही पायडलांचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिळते. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडून ही रीत आली आणि त्यांचे शिष्य, तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणारे अमेरिकी सायकलपटू ग्रेग लमाँड यांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार माझी सीट ६७.१ सेंटिमीटरवर हवी आणि सहकाऱ्याची ७०.६ वर. म्हणजे एकाच उंचीच्या दोन माणसांच्या सीटमध्ये साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडला. आपला तक्ता मात्र आम्हा दोघांनाही एकच आकडा देतो. त्याप्रमाणे वागलो तर माझे ढुंगण प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत राहील आणि सहकाऱ्याचा गुडघा नको तितका वाकलेला राहील.

दुसरीही एक रीत आहे. हॅमली व थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये असे मांडले की पायाच्या आतल्या मापाच्या १०९ टक्के अंतर पायडलच्या आसापासून सीटपर्यंत असावे. पायडल तेव्हा सर्वांत खाली असते. माझ्या ७६ सेंटिमीटरला हे अंतर ८२.८ सेंटिमीटर येते, आणि त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, वजा केला की उरतात ६५.८. म्हणजे दोन सूत्रांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक! सूत्र चुकीचे आहे असे मला म्हणायचे नाही. सूत्र सुरुवातीची खूण करून देते, त्यापुढचे काम पाय आणि डोळे करतात. बऱ्याच चाचण्यांनंतर माझी सीट आज ६६.५ वर आहे, म्हणजे दोन्हींच्या मध्येच कुठेतरी.

सूत्र न आठवणाऱ्यांसाठी टाचेची जुनी रीत पुरेशी आहे. नेहमीचे बूट घालून भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल उलटे फिरवावे. पायडल सर्वांत दूर असताना गुडघा अगदी सरळ व्हावा, पण कंबर तिकडे झुकू नये. ही दूरची जागा क्रँक अगदी उभा असताना येत नाही. सीटच्या नळीच्या रेषेत क्रँक आला की येते. दिसायला ही बारीक गोष्ट आहे, पण तिच्यामुळे काही मिलिमीटरांची चूक सहज होते. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो, आणि हाच बाक लांबच्या प्रवासात हवा असतो. सीट पुरेशी वर आहे की नाही हे बसणाऱ्याला समजत नाही, ते मागून येणाऱ्याला दिसते. म्हणून सोबत्याला मागून पाहायला सांगावे. विजारीची कंबरेवरची कड आडवी न राहता तराजूच्या दांडीसारखी वर-खाली होत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे. चप्पल घालून माप घ्यायचे आणि जाड तळव्याचे बूट घालून निघायचे, असे मात्र करू नये. तळव्याची जाडीही मापातच धरायची असते.

दोन्ही पाय जमिनीला टेकण्याचा आग्रह आपल्याकडे कुठून आला, याविषयी माझा एक तर्क आहे. आमच्या लहानपणी सायकल ताशी भाड्याने मिळे, आणि दुकानदार ती येईल त्या गिऱ्हाइकाला देता यावी म्हणून सीट खालपर्यंत दाबून ठेवी. त्याआधी मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्या पोराला सीटवर बसता आले हाच मोठा आनंद वाटे. ती उंच आहे की ठेंगणी, हा विचार कोण करणार? पुढे कॅरिअरवर पोते आणि पुढच्या दांड्यावर मूल घेऊन गर्दीतून चालवताना पाय टेकणे खरोखरच गरजेचे होते. त्या वापरासाठी ती सवय बरोबरच होती. परंतु दिवसभर सपाट रस्त्यावर पायडल मारायचे असेल, तर थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायला शिकावे लागते. उंची बरोबर असेल तर सीटवर बसून फार तर एका पायाचा चवडा जमिनीला लागतो. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात भीती वाटते, हे मान्य आहे. त्याने उंची एकदम न वाढवता दर खेपेस अर्धा सेंटिमीटर वर न्यावी.

उंची झाली की सीट पुढे-मागे सरकवण्याचा प्रश्न येतो, आणि याविषयी लेखात एक शब्दही नाही. सीटखाली दोन समांतर सळ्या असतात, त्यांना रेल म्हणतात. सीटच्या उभ्या दांड्यावरच्या पकडीचा बोल्ट सैल केला की सीट त्यांवर सरकते. गवंड्याचा ओळंबा येथे कामी येतो. दोन्ही क्रँक आडवे करून बसावे, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथून ओळंबा सोडावा, आणि तो पायडलच्या आसावर किंवा किंचित मागे पडेल अशी सीट ठेवावी. या रीतीला शास्त्राचा पक्का आधार नाही, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही पहिली खूण करण्यासाठी याहून सोपे साधन घरात सापडत नाही. एक लक्षात ठेवावे की सीट मागे सरकवली म्हणजे ती पायडलपासून दूर गेली, म्हणजे एका अर्थाने उंचही झाली. म्हणून मागे नेल्यावर उंची पुन्हा मोजावी लागते. मी हे विसरून एकदा महिनाभर गुडघ्यामागच्या शिरेचे दुखणे काढले. साधारण अनुभव असा की गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे असते, आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर ती फार वर किंवा फार मागे असते.

आता सीटच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाकडे वळतो, कारण बधिरपणाचे मूळ बहुतेक वेळा तिथे असते. सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर पट्टी ठेवावी व पट्टीवर पाणसळ ठेवावी. हल्लीच्या मोबाइलमध्येही पाणसळ असते. सुरुवात अगदी आडव्या सीटने करावी. नाक वर असेल तर मांड्यांमधल्या मऊ भागावर, जिथून नस व रक्तवाहिनी जाते तिथे, भार येतो. तो टाळण्यासाठी नाक खूप खाली केले तर माणूस सतत पुढे घसरतो, हातांनी हँडलला रेटून स्वतःला मागे ढकलत राहतो आणि संध्याकाळी तळहाताला मुंग्या येतात. बहुतेकांना आडवी किंवा एक-दोन अंश खाली झुकलेली सीट मानवते. बधिरपणा येऊ लागला तर तो सहन करण्याची बाब नव्हे, ही गोष्ट मला लेखात ठळकपणे हवी होती. अमेरिकेच्या नायॉश या कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट वापरायला देऊन अभ्यास केला व तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या सहा महिन्यांत सायकलवर बधिरपणा जाणवला नाही, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्यात २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. सर्वांनी बिननाकाची सीट घ्यावी असे यावरून मी म्हणत नाही. घाटात वळणे घेताना नाकाचा आधार लागतो, आणि मला स्वतःला त्यावाचून सायकल हातात राहिल्यासारखी वाटत नाही. पण भार कुठे पडतो याला किती महत्त्व आहे, हे त्यातून दिसते.

भार कुठे पडावा? तर ढुंगणाच्या दोन हाडांवर, कठीण पाटावर मांडी घालून बसले की जी टोचतात त्यांवर. या दोन हाडांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते आणि स्त्रियांमध्ये ते साधारणपणे जास्त असते; म्हणून घरात एकच सायकल नवरा-बायकोने वापरली तर दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेलीच. माप घ्यायला आंब्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पुरतो. तो कठीण स्टुलावर ठेवून त्यावर बसावे, थोडे पुढे वाकावे, पाय उचलून धरावेत आणि मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले असतात. माझे खळगे ११.५ सेंटिमीटरवर होते आणि पत्नीचे १३ वर. सीटचा मागचा भाग या मापापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर रुंद असावा. जो ताठ बसून चालवतो त्याला आणखी थोडा रुंद लागतो. माझी त्या वेळची सीट माझ्या हाडांपुरती रुंदच नव्हती. म्हणजे कव्हर कितीही जाड असते तरी हाडे कडेवरच टेकली असती.

जेलच्या कव्हरने दुखणे का वाढते, याचे उत्तरही इथेच आहे. मऊ गादीत हाडे रुततात, आणि रुतताना दाबलेला जेल मधल्या मोकळ्या जागेत वर येऊन नेमक्या त्या मऊ भागाला भिडतो. अर्धा तास ते सुखाचे वाटते, कारण हाडांवरचा दाब पसरलेला असतो. तीन तासांनी तोच दाब जिथे नको तिथे जमा होतो. शिवाय कव्हर किंचित सरकत राहते, त्याने मांड्या सोलतात, आणि त्याच्या जाडीमुळे सीटची उंचीही बदलते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गादी हवीच असेल तर ती सीटवर नव्हे, अंगावर असावी. पॅड शिवलेली सायकलिंगची चड्डी त्यासाठीच असते. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, कारण शिवणीच टोचतात. हे संकोचामुळे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून येथे लिहितो.

सीट बरोबर असली तरी सपाट रस्ता कसोटी पाहतो. नवशिक्याला याचे आश्चर्य वाटते. पसरणी घाट चढताना पाय जोराने पायडल दाबतात, त्यामुळे शरीराचा बराच भार पायडलवर जातो आणि सीटवर कमी उरतो. दौंड-इंदापूरकडच्या सरळ रस्त्यावर पाय हलकेच फिरतात आणि सगळे वजन सीटवर येते. म्हणून तिथे दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद पायडलवर उभे राहावे, घाईत असतानासुद्धा.

आता प्रत्यक्ष काम करताना सांभाळायच्या गोष्टी, ज्यात धोका आहे. सीटच्या दांड्यावर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतका दांडा कधीही वर ओढू नये. उंच मुले असे सर्रास करतात, आणि खड्ड्यात दांडा वाकतो किंवा फ्रेमची नळी चिरते. रेघेपर्यंत जाऊनही सीट कमी पडत असेल तर लांब दांडा घ्यावा. नव्या दांड्याची जाडी जुन्याइतकीच हवी, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत, म्हणून जुना दांडा दुकानात घेऊन जावा. नव्या सायकलींना बहुधा चार, पाच किंवा सहा मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. जुन्या २२ इंची सायकलींच्या सीटखाली दोन्ही बाजूंना नट असतात आणि ते पान्याने आळीपाळीने थोडे थोडे आवळावे लागतात. एकच बाजू आवळली तर पकडीचे दाते अर्धवट बसतात, आणि पहिल्याच खड्ड्यात सीटचे नाक आकाशाकडे वळते. ज्याला हा अनुभव आला आहे त्याला तो विसरता येत नाही. धातूच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. कोकणातल्या दमट हवेत एक पावसाळा न हलवलेला लोखंडी दांडा फ्रेममध्ये असा धरतो की तो काढायला घणच लागेल असे वाटते. काही बदलण्यापूर्वी दांड्यावर इन्सुलेशन टेपची खूण करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही तीन ते पाच मिलिमीटरच, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय पुन्हा हात लावू नये. मी वहीत तारीख घालून मापे लिहितो. मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी सीट हलवण्यासारखी घोडचूक नाही.

दुकानदारांना माझी विनंती अशी की वीस-पंचवीस हजारांची सायकल विकताना गिऱ्हाइकाला दहा मिनिटे भिंतीशी बसवून टाचेची रीत करून घ्यावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. शाळांनाही एक सांगावेसे वाटते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी साहाय्य मिळते, आणि या पाच वर्षांत मुलगी वाढत असते, सीट मात्र दुकानातून आली त्याच जागी असते. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या मुलीचे गुडघे दुखतात म्हणून ती सायकल सोडते, असे मी गावाकडे पाहिले आहे. वर्षातून दोनदा, सहामाहीच्या सुट्टीआधी आणि शाळा उघडताना, शाळेच्या आवारात नट आवळायचे दोन पाने आणि ग्रीसचा डबा ठेवला आणि वरच्या वर्गातल्या मुलींना हे काम शिकवले, तर त्याला शासननिर्णयाची गरज पडणार नाही.

शेवटी मूळ तक्त्याविषयी. आमच्या पेठेतील एका दुकानदाराने तो कात्रीने नीट कापून हवा भरण्याच्या पंपाच्या वर, भिंतीवर चिकटवला आहे, आणि येणाऱ्याची उंची विचारून तो त्यावर बोट ठेवतो. त्यामुळे ही दुरुस्ती आपण छापावी, पायाच्या आतल्या मापाचा रकाना त्यात घालावा, आणि शक्य झाल्यास ती पहिल्या तक्त्याइतक्याच आकारात छापावी, म्हणजे जुन्या कागदावर बरोबर चिकटवता येईल.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (जोडारी), सातारा